रामबागेतली ठमी : एका निदानाची नोंद

रुग्ण : देशी मांजर, मादी, नसबंदी झालेली, वय अंदाजे तेरा वर्षं. घर : इंदूरच्या रामबागेतलं, मागे अंगण असलेलं जुनं मराठी घर. घरात आजी (वय ७८), त्यांचा मुलगा, सून आणि बारावीतली नात. निदान : किडनीचा जुनाट आजार, तिसरा टप्पा. निदानानंतर मांजर साडेआठ महिने जगलं. मी तिचा डॉक्टर. घरातल्या माणसांची नावं घेत नाही. मांजराचं घेतो, कारण आजी म्हणाल्या, "तिचं नाव राहू द्या." तिचं नाव ठमी.

औषधपाण्याची बाजू मी थोडक्यात लिहिणार आहे, कारण ती पुस्तकात मिळते. ही नोंद लिहायला बसलो ते त्या घरासाठी. एकाच आजाराची बातमी चार माणसांपर्यंत चार वेगवेगळ्या तऱ्हांनी पोचली, आणि पहिले तीन आठवडे ती ज्यांना सगळ्यात आधी कळायला हवी होती त्यांच्यापासूनच लपवली गेली. त्यात माझाही वाटा होता.

पहिली भेट मे महिन्यातली. मुलगा आणि नात तिला भाजीच्या प्लास्टिकच्या बास्केटमधून घेऊन आले, वरून ओढणी बांधलेली. तक्रार अशी : महिनाभरात रोडावली, खाणं सोडलं, दोन-तीन दिवसाआड उलटी, तोंडाला वास. बाहेर बेचाळीस अंश ऊन. मुलगा म्हणाला, "उन्हाचं असेल ना हो, डॉक्टरसाहेब?" वजन भरलं ३ किलो १००. वर्षापूर्वी लस टोचली तेव्हाच्या कार्डावर ४ किलो २०० होतं. पाठीचे मणके हाताला एकेक मोजता येत होते. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं होतं. पोट चाचपताना दोन्ही किडन्या लहान आणि खडबडीत लागल्या.

मी विचारलं, "पाणी जास्त पिते का?" मुलगा म्हणाला, "वाटीतलं तर तसंच राहतं." मी तसं लिहून घेतलं आणि पुढे गेलो.

खरी गोष्ट मला महिन्यानंतर कळली. आजींनी होळीपासूनच पाहिलं होतं की ठमी वाटीला तोंड लावत नाही, मोरीत जाते, पुढचे दोन्ही पाय बादलीच्या काठावर ठेवते आणि मान खाली घालून बराच वेळ लपालपा पीत राहते. मागच्या पडवीत तिचं वाळूचं घमेलं असायचं. त्यातली वाळू आधी दोन दिवसांनी बदलावी लागे, ती रोज बदलावी लागायला लागली होती. आजींनी घरात दोनदा सांगितलंही, "हिचं पाणी वाढलंय." उन्हाळा लागलाय, पिणारच, असं म्हणून तो विषय तिथेच राहिला. मांजराच्या किडनीच्या आजारात हीच पहिली खूण असते. किडनीचं साधारण दोन तृतीयांश काम बंद पडलं की लघवी घट्ट करण्याची ताकद जाते, पाणी वाहून जातं आणि जनावर ते भरून काढायला पीत राहतं. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढलेलं दिसतं ते त्याच्याही नंतर, तीन चतुर्थांश काम गेल्यावर. म्हणजे प्रयोगशाळेच्या कागदावर जे जूनमध्ये छापून आलं, त्याचा सुगावा आजींना मार्चमध्ये मोरीत लागला होता.

तपासण्यांत क्रिएटिनिन ४.२, फॉस्फरस ६.८, रक्त थोडं कमी, लघवीची घनता १.०१४, रक्तदाब १७५. मांजरांच्या किडनीच्या आजाराचे चार टप्पे मानतात. क्रिएटिनिन २.९ ते ५ च्या दरम्यान असेल तर तिसरा, पाचाच्या वर चौथा. गेलेली किडनी परत येत नाही. उरलेली सांभाळायची, एवढंच हातात असतं.

आणि इथे माझी चूक झाली. रिपोर्ट संध्याकाळी आला तेव्हा दवाखान्यात गर्दी होती. कार्डावर नातीचा नंबर होता. मी रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली एक ओळ लिहिली : "किडनी खराब आहेत, उद्या येऊन भेटा." ती तेव्हा भंवरकुआंला क्लासच्या जिन्यात उभी होती. सतरा वर्षांच्या मुलीने लाल अक्षरांतले आकडे जिन्यात उभं राहून वाचले आणि तिथेच फोनवर शोधत बसली. घरी पोचेपर्यंत तिच्या लेखी ठमी आठवड्याभराची सोबती होती. तिने हे फक्त वडिलांना सांगितलं. रात्रभर ती ठमीला कुशीत घेऊन जागी होती, हे तिच्या आईने मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा एकटाच आला. खुर्चीवर बसायच्या आधी म्हणाला, "आईला सांगायचं नाही."

कारण विचारलं तेव्हा कळलं. आजोबा चार वर्षांपूर्वी गेले. त्याआधी दोन वर्षं डायलिसिसवर होते, आठवड्यातून दोनदा. आजी दर वेळी सोबत जायच्या, डबा घेऊन. त्या घरात 'किडनी' हा शब्द गेली चार वर्षं कुणी उच्चारला नव्हता. बाजारातून राजमा, म्हणजे इंग्रजीतले 'किडनी बीन्स', आणला तरी डब्यावर दुसरं काहीतरी लिहायचे. ठमी आजोबांच्या पलंगावर पायथ्याशी झोपायची, आणि ते गेल्यावर आजींच्या. "तिला पुन्हा तेच ऐकवू?" असं त्याने मला विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजींना 'पोटात इन्फेक्शन आहे' असं सांगायचं ठरलं, आणि मी मान डोलावली.

त्या तीन आठवड्यांत काय झालं ते लिहितो, कारण असं पुष्कळ घरांत होतं. सलाईन घरी द्यायचं तर आजींना कळेल, म्हणून ठमीला एक दिवसाआड रिक्शातून उन्हात दवाखान्यात आणायला लागले. ती बास्केट दिसली की दिवाणाखाली शिरायची. किडनीचं खास खाणं आणलं होतं, ज्यात फॉस्फरस कमी असतो. आजींना ते का द्यायचं हे माहीत नव्हतं. मांजर खात नाही म्हणून त्या तिला गुपचूप दुधावरची साय चाटवायच्या आणि दूध-पोळी कुस्करून द्यायच्या. फॉस्फरस खाली येईना. नात आजींसमोर हसायची आणि न्हाणीघरात जाऊन रडायची. मुलगा आणि सून खर्चावरून भांडायचे, तेही हळू आवाजात, म्हणजे भांडण कधी पूर्णच व्हायचं नाही. नात मला मेसेज करून विचारायची : डायलिसिस होतं का, किडनी बदलता येते का? मांजरात किडनीचं प्रत्यारोपण झालेलं आहे, अमेरिकेत १९८७ पासून. पण तेरा वर्षांच्या, तीन किलोच्या ठमीसाठी ती वाट नव्हती. मांजरांचं डायलिसिस मुख्यतः अचानक बिघडलेल्या किडनीसाठी, ती सावरेपर्यंतच्या काळासाठी असतं. हे मी तिला समजावून लिहायचो आणि ती 'ओके' लिहायची.

मग एक दिवस आजींचाच फोन आला. तोपर्यंत मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

"डॉक्टर, माझा मुलगा मांजराच्या खाण्यात एक गोळी चुरून घालतो. मी त्याची पट्टी पाहिली. ती गोळी जेवणातच का द्यायची, ते मला ठाऊक आहे. यांनाही जेवणातच द्यायची. दोन वर्षं मी दिलीय ती, पहिल्या घासाबरोबर." थोडं थांबून म्हणाल्या, "तुम्ही सगळे मला काय समजता?"

ती गोळी अन्नातला फॉस्फरस आतड्यातच धरून ठेवते, रक्तात जाऊ देत नाही. माणसांसाठीची तीच गोळी आम्ही मांजराला अगदी छोट्या मात्रेत देतो. आजींनी ती पट्टी ओळखायला क्षणभरही लागला नसणार.

मी त्यांची माफी मागितली आणि म्हटलं, रविवारी घरी येतो, सगळ्यांना एकत्र बसवा.

त्या रविवारी मुलगा बोलायला लागला आणि आजींनी त्याला थांबवलं. त्यांना आकडे नको होते. त्यांनी मला तीनच गोष्टी विचारल्या : तिला दुखतंय का, हे बरं होणार आहे का, आणि मी काय करायचं. मी सांगितलं : दुखण्यापेक्षा मळमळ जास्त आहे आणि तिच्यावर औषध आहे, बरं होणार नाही, या टप्प्यावरची काही मांजरं काही महिने जगतात, काही वर्ष-दोन वर्षंसुद्धा, ठमीचं मला सांगता येणार नाही. तिसऱ्या प्रश्नाला आम्हाला तासभर लागला, आणि माझ्या मते त्या तासानेच ते घर सावरलं.

कामं वाटली. सुनेने खाणं मोजून द्यायचं आणि खर्च वहीत लिहायचा. महिन्याला किती झेपेल तो आकडा तिने त्या दिवशी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितला आणि कुणी काही बोललं नाही. नातीकडे औषधांच्या वेळा आणि दर रविवारचं वजन : ठमीला कापडी पिशवीत घालायचं आणि पिशवी हातकाट्याला अडकवायची. मुलाने सलाईन शिकायचं. आजींनी लक्ष ठेवायचं, जे त्या मार्चपासून करतच होत्या.

सलाईनचं जरा सविस्तर लिहितो, कारण लोक त्यालाच सगळ्यात घाबरतात. ते शिरेतून द्यायचं नसतं. बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवून अंगाइतकी कोमट करायची. दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत धरून तंबूसारखी वर उचलायची आणि तंबूच्या तळाशी सुई सरकवायची. शंभर मिली जाईपर्यंत पाठीवर पाण्याचं एक उंचवटं तयार होतं, काही वेळा ते एका पायाकडे ओघळतं. काही तासांत ते जिरतं. मुलाचा हात पहिल्यांदा इतका थरथरला की सुई कातडीच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर आली आणि सगळं पाणी ठमीच्या केसांतून चादरीवर. तो रडवेला झाला. हे जवळजवळ प्रत्येकाचं पहिल्यांदा होतं. दुसऱ्यांदा नीट गेली. बाटली टांगायला भिंतीवर एकच खिळा हाताशी होता, कालनिर्णयचा. कॅलेंडर शेजारच्या खिळ्यावर गेलं. चौथ्या-पाचव्या वेळी तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबांच्या वेळी मी फक्त बिलं भरली, डॉक्टर. बाकी सगळं आईने केलं."

आजारी जनावराचे दिवस कसे चाललेत हे मोजायला अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी एक पट्टी केलेली आहे. वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे. मी तो कागद मराठीत करून नेला होता. आजींनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला आणि बाजूला ठेवला. "मार्क मला नाही देता यायचे. मी माझं सांगते." त्यांचं असं होतं : सायीची वाटी वाजली की कान फिरतो का, घमेल्यापर्यंत आपली आपण जाते का, रात्री माझ्या पायाशी येते का. तिन्ही झालं तर टिंब, एखादं चुकलं तर अर्धी रेघ, दोन चुकली तर फुली. कॅलेंडरवर त्या दुधाचा हिशेब लिहायच्या, त्याच चौकोनात खाली पेन्सिलीने ठमीचं लिहू लागल्या. नंतर मी तो कागद पुष्कळ घरांत वापरला आहे आणि तो चांगला आहे. पण आजींच्या तीन खुणांनी मला त्या मांजराबद्दल जास्त सांगितलं.

पावसाळा चांगला गेला. जुलैअखेर क्रिएटिनिन ३.४, फॉस्फरस ४.७, रक्तदाबाच्या पाव गोळीने तोही खाली. हा दाब सांभाळला नाही तर मांजराची दृष्टी एका रात्रीत जाऊ शकते, म्हणून त्या गोळीबद्दल मी नातीला दोनदा बजावलं होतं. गणपतीत वजन ३ किलो ३५० झालं. मखराच्या मागे झोपून ठमीने दहा दिवस काढले.

एक प्रसंग मात्र थोडक्यात वाचला. ठमी एकदा संध्याकाळी मुटकुळं करून बसली होती. घरी आलेल्या पाहुण्यांनी सुचवलं, तापाची साधी गोळी द्या चुरून, क्रोसिन वगैरे. आजींनी आधी मला फोन केला म्हणून निभावलं. पॅरासिटॅमॉल मांजराचं शरीर पचवूच शकत नाही, एक गोळीसुद्धा जीव घेते. घरात मांजर असेल तर एवढं एक वाक्य तरी लक्षात ठेवा.

पितृपंधरवड्यात देवासहून आजींच्या नणंद आल्या होत्या. 'वेळ आली तर झोपवावं लागेल' हा विषय नातीने त्यांच्या कानावर घातला आणि त्या हादरल्या. "मांजराची हत्या? काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं. या घरात नको हो ते." हे ऐकून मुलगा गप्प झाला. मला माहीत होतं की तोही आतून तेच धरून बसलाय. हा समज आपल्या घराघरांत आहे आणि मी त्याला कधी हसत नाही. मांजराला इजा करू नये एवढ्यासाठी पूर्वजांनी घातलेलं ते कुंपण आहे, असं मला वाटतं.

आजी पोळ्या करत होत्या. तवा खाली उतरवून म्हणाल्या, "वन्सं, यांच्या शेवटच्या महिन्यात मला कुणी काही विचारलं नाही. नळ्या घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. हिच्या वेळी डॉक्टर विचारतायत तर मी सांगते. ज्या दिवशी ती घमेल्यापर्यंत जाऊ शकणार नाही, त्या दिवशी. तिला घाणीत पडून राहिलेलं मी बघणार नाही. पाप असेल ते माझ्या नावावर लिहा." नणंद पुढे काही बोलल्या नाहीत. जाताना त्यांनी ठमीच्या अंगावरून हात फिरवला.

ठमी बरी असताना ही रेघ ओढली गेली, याला मी फार महत्त्व देतो. आजार बळावल्यावर घर दमलेलं असतं, आणि दमलेल्या माणसांना ठरवायला लावणं क्रूर आहे.

दिवाळीनंतर उतरण लागली. डिसेंबरात क्रिएटिनिन ६.१, हिरड्या पांढुरक्या. चौथा टप्पा. मी सुनेला सांगितलं, आता मोजणं सोडा, जे खाईल ते द्या. आजींनी त्याच दुपारी सायीची वाटी काढली, सहा महिन्यांनी पहिल्यांदा उघडपणे. चमच्याने वाटीच्या काठावर टकटक केलं. ठमीचा एकच कान फिरला, मग डोकं, मग ती उठून आली आणि बोटावरची साय डोळे मिटून चाटत बसली. नात ते फोनवर टिपत होती, आणि ती चित्रफीत तिने मला पाठवली. माझ्याकडे ती अजून आहे.

संक्रांतीनंतर चौकोनांत फुल्या वाढल्या. मुलाला सलाईन थांबवणं जड गेलं. सुई दिसली की ठमी गुरगुरायची, तरी तो पातेल्यात बाटली कोमट करत राहायचा. एकदा मीच त्याला म्हटलं, आता रोज नको, ती नको म्हणतेय. त्याने बाटली पातेल्यातून काढून पुसली आणि कपाटात ठेवली. बराच वेळ कपाटाचं दार धरून उभा होता.

फेब्रुवारीत एका सकाळी सव्वासहाला आजींचा फोन. "डॉक्टर, ती निम्म्यात बसलीय." एवढंच.

मी गेलो तेव्हा चौघंही पडवीत होते. ठमी आजींच्या लुगड्याच्या गोधडीवर. आधी कातडीखाली गुंगीचं इंजेक्शन दिलं. पाच-सात मिनिटांत ती गाढ झोपली, मग शिरेतून दुसरं. काय करतोय ते प्रत्येक वेळी मी आधी सांगत होतो. मुलाने खांद्यांच्या मधल्या त्याच कातडीवर हात ठेवला होता. अंगणात पेरूखाली तिला पुरलं.

नात तीन दिवस क्लासला गेली नाही. परीक्षा तोंडावर होती आणि 'मांजर गेलं' हे कारण तिला मैत्रिणींना सांगता येत नव्हतं. आजींनी तिला सांगितलं, "घरातलं माणूस गेलं म्हणून सांग." तिने तसंच सांगितलं. सून पुढचे आठ-दहा दिवस सकाळी काटा ओट्यावर काढून ठेवायची आणि परत आत ठेवायची.

या प्रकरणानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. असा रिपोर्ट फोनवर पाठवत नाही. आणि जनावर घेऊन जो आलाय त्याला विचारतो, घरात हिच्याजवळ सगळ्यात जास्त कोण असतं. ते माणूस आलेलं नसेल तर तिथल्या तिथे फोन लावून घेतो.

पंधरा दिवसांनी मी चहाला गेलो होतो. उरलेल्या तीन बाटल्या मुलाने माझ्या हातात दिल्या, कुणाला तरी लागतील म्हणून. आजींनी विचारलं, "होळीलाच आणली असती तर?"

मी खरं तेच सांगितलं. किडन्या तेव्हाही गेलेल्याच होत्या. पण खाणं आणि रक्तदाबाची गोळी आधी सुरू झाली असती, वजन एवढं उतरलं नसतं. कदाचित काही महिने जास्त मिळाले असते.

"मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

मुलाने कप खाली ठेवला. "हो आई," तो म्हणाला, "तू सांगितलं होतंस."